सीमेपलीकडच्या मित्राशी बोलताना

शेजारच्या, पण वैर असलेल्या देशातल्या कुणाशी ऑनलाइन ओळख झाली, तर सुरुवात युद्धापासून करू नका. ज्या आवडीमुळे भेटलात, बुद्धिबळ असो की जुनी गाणी, तिलाच धरून राहा. राजकारण कधीतरी निघेलच. तेव्हा "तुम्ही लोक" हे शब्द टाळा. समोरचा माणूस त्याच्या सरकारचा वकील नाही, तुम्हीही नाही. त्यापेक्षा "शाळेत तुम्हाला हे कसं शिकवलं?" असं विचारा. एकाच लढाईच्या दोन गोष्टी समोर येतात, आणि मला तरी वाटतं, मैत्री तिथेच मुरते.

सावधगिरी मात्र हवीच. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात; कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. लष्करी तळ, पूल, बंदरं यांबद्दल कुणी खोदून विचारू लागलं किंवा पैसे मागितले, तर तिथेच थांबा. स्वतः सैन्यात किंवा सरकारी नोकरीत असाल, तर आधी खात्याचे नियम पाहा.

सीमेवर तणाव वाढला की कदाचित काही दिवस उत्तर येणार नाही. रागावू नका; तुमच्याशी बोलणं त्याला महागात पडू शकतं. "सुखरूप आहात ना?" एवढंच लिहा आणि वाट पाहा.