एकटीचं पुरुमेंत

भाचीने सुट्टीत विचारलं, "मावशी, साथीत जगातली सगळी माणसं मेली आणि तू एकटीच उरलीस, तर कुठे जाशील? काय काय घेशील?" तिच्या डोक्यात मुखवटे आणि बंदुका होत्या. माझ्या डोक्यात आधी महिना आला. गोव्यात या प्रश्नाला एप्रिलचं एक उत्तर आणि जुलैचं दुसरं. खालची यादी एप्रिल धरून केली आहे. मिरग लागायच्या आत घाट चढून जायचं, हा यादीचा हिशेब.

वाट आधी ठरवावी, म्हणजे पिशवीत काय भरायचं ते कळतं. माझी वाट डिचोलीहून साखळी, केरी, चोर्ला घाट, मग कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव, साधारण ७०-८० किलोमीटर. घाई एवढ्यासाठी, की केरीजवळ अंजुणे धरण आहे आणि त्याची दारं पावसात उघडायला माणूस लागतो. खाली वाळवंटी, तिच्या काठी साखळी. बिनमाणसांच्या पहिल्या पावसाळ्यात साखळीच्या पुलावर उभं राहायची माझी छाती नाही. साळावली धरणाचं बरं आहे. तिथला गोल सांडवा धरण भरलं की आपसूक वाहतो, बघायला कोणी असो-नसो. पण ते राहिलं सांग्यात, माझ्या वाटेबाहेर.

वीज लगेच जाणार. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते. वीज गेली की पंप बंद, टाकीत असेल तेवढंच नळाला. म्हणून दोन लिटरच्या दोन बाटल्या, पाणी उकळायला झाकणाचं टोप आणि गाळायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. विहीर दिसली की कळशी सोडायची आपली सवय, ती मोडावी लागेल. पोर्तुगीजांची जुनी राजधानी, जुने गोवे आठवावं. तिथे साथींमागून साथी आल्या. चिऱ्याच्या सच्छिद्र जमिनीतून घाण विहिरींत झिरपायची, असं कारण सांगतात. लोक निघून गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेही मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. माणसं ज्या वाड्यावर मेली, तिथल्या विहिरीचं पाणी घेऊ नये. वस्तीच्या वरच्या अंगाची झर बघावी आणि तिचंही पाणी खळखळून उकळावं. खाणींच्या खंदकांतलं निळंशार पाणी लांबून बघण्यापुरतंच. काठाची माती पायाखालून कधी सुटेल सांगता येत नाही.

आता खाणं, आणि इथे मला भाचीपेक्षा जास्त कळतं असं मी ठामपणे म्हणेन. परदेशी लोक डबे आणि चॉकलेटच्या कांड्या साठवतात. आमच्याकडे पुरुमेंत आहे. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आला, रीत मात्र पावसाची. मे महिन्यात चार महिन्यांचं भरून ठेवायचं: उकडे तांदूळ, कुळीथ, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं), चिंच, मिरच्या, मीठ. यातलं जवळजवळ काहीच फ्रिज मागत नाही. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, तेव्हा आमच्या घरी पहिला आठवडा निघाला तो आदल्या वर्षीच्या उरलेल्या कुळथावर आणि गालम्याच्या, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीच्या, किसमुरीवर. तक्रार फक्त भाचीने केली.

तरी सगळं पुरुमेंत पाठीवर घेता येत नाही. चार किलो उकडे तांदूळ, दोन किलो कुळीथ भाजून दळलेले. हे पीठ गरम पाण्यात कालवलं की पिठी झाली, चूल फार वेळ पेटती ठेवायला नको. सुके बांगडे दहा, वर्तमानपत्रात गुंडाळून मग प्लास्टिकमध्ये, नाहीतर वास सगळ्या कपड्यांना आणि वासामागून सगळी कुत्री. मूठभर सोलं. मीठ एक किलो. दुकानं उघडी पडली असतील, मिठाचा तोटा नाही, पण आगरवाड्याच्या मिठागरात माणूस न राबता पुढच्या वर्षी मीठ पिकणार नाही, हे लक्षात ठेवून डबा झाकून ठेवावा. आई फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवायची. पावसात माती खरवडून त्या भाजायची आणि नखाखाली आठवडाभर तांबडं राहायचं. तशा पन्नासेक आठळ्या. वाटेत काजू आणि करवंदं मिळतीलच. काजूची बी मात्र भाजल्याशिवाय फोडू नये, डीक हाताला लागला की कातडी जाते.

सायकल घ्यावी, गिअरवाली नको. पंप, पंक्चरचे तुकडे, जादा ट्यूब. स्कूटर एप्रिलमध्ये चालेल, पण घाटात आडव्या पडलेल्या गाड्यांवरून ती उचलून कशी न्यायची? शिवाय वळणावर गवा उभा असेल, तर आवाज न करणारं वाहन बरं.

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे, गमबूट, कोयता, बॅटरी, मेणात बुडवलेल्या काडेपेट्या, घोंगडी, पावसाची खोळ. पायमोज्यांवर हसू नका. वाटेवरच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप आहे, तो गोचिडींतून येतो आणि कोरड्या महिन्यांत फिरतो. काजू वेचणाऱ्यांना विचारा. पाचोळ्यावर झोपायचं नाही, रोज रात्री अंग तपासायचं, मेलेलं माकड दिसलं की वाट बदलायची. घोणस, फुरसं, मण्यार यांच्यावर औषध द्यायला कोणी नसेल, तेव्हा काठी आपटत चालणं एवढाच उपाय. पॅरासिटामॉल, आयोडीन, पट्ट्या. जुलाबांवर एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट भरून.

भिंतीवरचं कालनिर्णय काढून घ्यावं आणि रोज एक चौकोन खोडावा. डिसेंबरनंतर काय, असं भाचीने विचारलं. मग अमावस्या-पुनवेवर मोजायचं.

शेवटी कोळसा, फडक्यात बांधून. साखळीच्या बसस्थानकावर, केरीच्या शाळेवर, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी, जिथे भिंत पांढरी असेल तिथे तारीख, नाव आणि कुठल्या दिशेने गेले ते लिहायचं. मराठीत एकदा, रोमी लिपीतल्या कोंकणीत एकदा. कानडीत 'इल्ली बा', म्हणजे 'इकडे ये', एवढं शेजारणीकडून आत्ताच लिहून घेतलं आहे.