भांड्यांची मांडी होते तेव्हा: जाड आणि तिरप्या अक्षरांच्या या चुका टाळा

आमच्या फ्लेक्स-हँडबिलांच्या दुकानात नवा पोरगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात एक उद्योग हमखास करतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुरावर दोनदा क्लिक करतो, वरच्या कडेचा बाण धरून अक्षरं उजवीकडे ओढतो, वरून जाड आउटलाइन मारतो आणि म्हणतो, "सर, बोल्ड इटॅलिक झालं!" कुठलं झालं? अक्षर कलंडलं आणि सुजलं, एवढंच झालं.

इंग्रजीचं आधी बोलू. फ्युचुरा (1927) किंवा हेल्वेटिका (1957) यांसारख्या बिनशेपटीच्या अक्षरांत तिरपं रूप म्हणजे बहुतांशी सरळ अक्षरच कललेलं. त्याला ऑब्लिक म्हणतात. हेल्वेटिकाचा कल 12 अंशांचा. मग पोरांना वाटतं, ते काय, आपणही ओढू. पण गोल 'ओ' नुसता ढकलला की त्याचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाडावतो, उरलेले दोन बारीक होतात. फॉन्ट घडवणारा माणूस ती जाडी पुन्हा सारखी करत बसतो, त्याचे आपण पैसे मोजतो. पातळ अक्षरात हे खपून जातं. ठळक अक्षरात 'ओ' चेपलेल्या टायरसारखा दिसतो. खरा फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक आणि ओढलेला फ्युचुरा बोल्ड मुठीएवढ्या मापात शेजारी ठेवून बघा, पुन्हा सांगावं लागणार नाही.

आता मराठी. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना तिरपं रूप नसतंच. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' घ्या: 7 वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार आहेत, तिरपं एकही नाही. हा आळस नव्हे. युरोपात इटॅलिक आलं ते हाताच्या धावत्या वळणातून, 1501 साली व्हेनिसमध्ये आल्डुस मानुशियसच्या छापखान्यात. आपल्याकडे भरभर लिहायला मोडी होती, ती लिपीच वेगळी. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, ताठ उभी. तिला ओढलं की काने लवतात, शिरोरेषा मात्र आडवीच राहते, मात्रा आणि रफार उजवीकडे सरकतात, उकार डावीकडे. अनुस्वार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. गिऱ्हाईक हटूनच बसलं तर मी 6-7 अंशांवर थांबतो आणि वरच्या खुणा एकेक करून हाताने जागेवर आणतो. त्यापेक्षा अक्षर सरळ ठेवून सगळी ओळच चढती लावलेली मला जास्त आवडते. जोर तोच येतो, वाचायला त्रास नाही.

आउटलाइन मारून अक्षर जाड करणं ही मात्र माझी स्वतःची जखम आहे. एका भांड्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. 10 बाय 4 फुटांचा फ्लेक्स, कॉम्प्युटरवरची फाइल फुटाला इंच या हिशेबाने बनवलेली. 'स्टीलची भांडी' हे शब्द ओढून तिरपे केलेले, वर 2 पॉइंटची आउटलाइन. फ्लेक्स झकास आला. मालक म्हणाले, "हेच हँडबिलावर घ्या." मी तीच फाइल निम्मी केली. आउटलाइनच्या खिडकीत 'स्केल विथ ऑब्जेक्ट'ची टिक नव्हती, त्यामुळे अक्षर निम्मं झालं आणि आउटलाइन 2 पॉइंटचीच राहिली. 'भ'च्या शिरोरेषेतली फट बुजली. 'भ' आणि 'म' यांच्यात अंतर ते किती? 5000 हँडबिलं छापून पेपरांत टाकून झाली आणि सकाळी मालकांचा फोन: "अहो, आम्ही स्टीलची मांडी कधीपासून विकायला लागलो?" छपाई माझ्या खिशातून गेली. उरलेल्या पाठकोऱ्यांवर वर्षभर हिशेब लिहिले. 'ध' आणि 'घ' यांचंही हेच होतं.

तेव्हापासून आउटलाइनने वजन वाढवणं बंद. फॉन्टचंच एक्स्ट्राबोल्ड घेतो, नसेल तर फॉन्ट बदलतो. अगदीच वेळ आली तर शेवटच्या मापात आणल्यावरच आउटलाइन मारतो, कंट्रोल-शिफ्ट-क्यूने तिचा ऑब्जेक्ट करतो, म्हणजे ती अक्षराबरोबरच लहान-मोठी होते, आणि खऱ्या मापाचा प्रिंट काढून शेजारच्या चहावाल्याला वाचायला देतो. ज्याने टाइप केलंय त्याला चूक दिसत नाही. व्हॉट्सअॅपवर प्रूफ पाठवून "ओके ना?" विचारणाऱ्यांना काय बोलणार.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. अक्षरांत अंतर वाढवू नका; इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटते. आडवं ताणूनही जाडी आणू नका: काने फुगतात, शिरोरेषा तेवढीच राहते. इंग्रजी 12 अंशांवर आणि मराठी 20वर असा पाट्यांवरचा तमाशा रोज बघतो. कल एक ठेवा, नाहीतर मराठी सरळ ठेवा. फाइल दुसऱ्या प्रेसला देताना अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे ती नुसते आकार होतात, टाइप करून बदलता येत नाहीत, आणि न केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण फोन नंबर शेवटच्या मिनिटाला बदलतोच.

आणि सगळा मजकूर जाड-तिरपा नको. बार्बरा क्रुगर ही अमेरिकन चित्रकर्ती लाल पट्टीवर पांढऱ्या फ्युचुरा बोल्ड ऑब्लिकमध्ये लिहिते, ते मोजक्या शब्दांत. आमच्याकडे 'अटी लागू'सुद्धा तिरप्या बोल्डमध्ये मागतात. 'सेल' तिरपा करा, पत्ता सरळ राहू द्या. माणूस गाडीवरून जाता जाता तो वाचणार असतो.