कुत्र्याची जात रागीट असते का? पिल्लू वाढवताना या चुका टाळा

रॉटवायलर तापट, डॉबरमन मालकावरच उलटतो, पिटबुलचा जबडा एकदा बसला की लॉक होतो. लोक हे इतक्या ठामपणे सांगतात की पिल्लू आणणाराही मनात धास्ती घेऊनच ते घरी आणतो. पिटबुलच्या जबड्यात कुठलंही कुलूप नसतं. वाढत्या मेंदूला कवटी अपुरी पडून डॉबरमन वेडा होतो, हीसुद्धा निव्वळ थाप. 'सायन्स' नियतकालिकात २०२२ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीशी जोडता आला.

म्हणून 'जात काही नसते, सगळं संगोपनच' असंही म्हणू नका. रॉटवायलर गुरं हाकायचा. तो धावत्या मुलांना अंगाने ढकलतो तेव्हा त्याला राग आलेला नसतो, ती जुनी सवय असते. पण पन्नास किलोचा धक्का तो धक्काच. तेव्हा ताकद लक्षात घेऊन पट्ट्याची सवय लहानपणीच लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत होते. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू जगातलं काय सुरक्षित आहे ते शिकतं, आणि नेमकं तेव्हाच लसींचा कोर्स पुरा व्हायचा म्हणून त्याला घरात कोंडलं जातं. मग वर्षभराचा डॉबरमन छत्री उघडली तरी भुंकतो आणि लोक जातीला नावं ठेवतात. लसी चालू असताना पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर न्या. हेल्मेट, दाढीवाला माणूस, सायकल, लहान मुलांचा आरडाओरडा, सगळं लांबून दाखवा. पाहुण्यांनी त्याला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवू नये. त्याला स्वतःहून जवळ येऊ द्या.

'राखणीला तिखट व्हावा' म्हणून दिवसभर साखळीला बांधणं तर नकोच. पळून जाता येत नाही हे कळलेल्या कुत्र्याकडे दात दाखवणं एवढंच उरतं.

आता गुरगुरण्याचं. पिल्लू खाताना गुरगुरलं की त्याला फटका मिळतो, मालक कोण हे दाखवायला त्याच्या भांड्यात हात घातला जातो. कुत्रा यातून इतकंच शिकतो की गुरगुरायचं नाही. भीती तशीच राहते. पुढे तो 'काही कारण नसताना' चावला म्हणतात. इशारा देणं तर आपणच बंद केलेलं असतं! गुरगुर ऐकू आली की मागे सरा. नंतर त्याला चालेल इतक्या अंतरावरून जाताना भांड्याकडे एखादा जास्त चविष्ट तुकडा टाकत राहा. ओठ चाटणं, अंग ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं हे इशारे गुरगुरण्याआधीच दिसतात.

मोठा कुत्रा अचानक चिडका झाला तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्य गाठा. कान, दात किंवा सांध्याचं दुखणं असू शकतं. आणि वय झालं म्हणून हातही टेकू नका. २००७ साली अमेरिकी फुटबॉलपटू मायकेल विकच्या झुंजीच्या अड्ड्यावरून पन्नासच्या आसपास पिटबुल सोडवले गेले. ते माणसांत राहण्याच्या लायकीचे नाहीत असं अनेकांचं मत होतं, तरी त्यातले कित्येक पुढे घरांत रुळले. असं रुळायला अनेक महिने लागतात. तोवर आपल्या कुत्र्याला बाहेर नेताना जाळीचं मुस्कं घाला, आणि त्याची सवय घरीच, मुस्क्यात खाऊ ठेवून, हळूहळू लावा.