पॅन्क्रियाज दिसत नाही म्हणणाऱ्या नवीन रेसिडेंट्ससाठी

रेडिओलॉजीला नवीन लागलेल्यांसाठी पोटाच्या सोनोग्राफीबद्दल लिहून राहिलो. ॲनाटॉमी येते हे धरून चालतो. लिव्हर लवकर जमतं, गाडी अडते पॅन्क्रियाजवर (स्वादुपिंडावर), आणि तिथला खड्डा म्हणजे रिपोर्टातली ती तयार ओळ, "गॅसमुळे पॅन्क्रियाज नीट दिसला नाही".

ही ओळ खोटी नसते, म्हणूनच जास्त धोक्याची. गॅस असतोच. बाहेर लाइन लागलेली, पेशंट पहाटेच्या बसने गोंदियाहून आलेला, उपाशी राहा सांगितलं तरी मेडिकल चौकात चहा अन् तर्री पोहे खाऊन आलेला. त्याच्यावर ओरडू नका, त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं. पण दिसला नाही म्हणजे किती प्रयत्न करून दिसला नाही, हे त्या ओळीत कुठंच नसतं अन् वाचणारा सर्जन समजतो की बघून झालं.

म्हणून पॅन्क्रियाज सगळ्यात आधी बघा, लिव्हर नंतर, कारण दीर्घ श्वास घेऊन घेऊन पेशंट हवा गिळत जातो. प्रोब एपिगॅस्ट्रियममध्ये (पोटाच्या वर मधोमध, बरगड्यांखाली) आडवा, लिव्हरच्या डाव्या लोबमधून खाली बघा. पॅन्क्रियाज शोधूच नका, स्प्लेनिक व्हेन (प्लीहेची शीर) शोधा. ती सापडली की तिच्या पुढ्यात जे आहे ते पॅन्क्रियाजचे बॉडी अन् टेल, जिथं ती एसएमव्हीला (आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला) मिळते त्याच्या पुढे नेक, उजवीकडे हेड. हेडमध्ये पुढच्या बाजूला गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरी, मागे सीबीडी (मुख्य पित्तनलिका). डक्ट (पॅन्क्रियाजची नळी) वाटलेली काळी रेघ स्प्लेनिक आर्टरी किंवा जठराची मागची भिंत पण असू शकते, कलर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारा मोड) लावल्याशिवाय डक्ट म्हणू नका.

नाही दिसलं तर "काकाजी, पोट फुगवा" म्हणा. हे "श्वास घ्या" पेक्षा बरं चालतं. मग हळूहळू दाब द्या, गॅस बाजूला सरकतो. तरी नाही, तर दोन ग्लास पाणी पाजा, बुडबुडे बसेपर्यंत दुसरा पेशंट घ्या. हेडसाठी उजव्या कुशीवर, टेलसाठी डाव्या, नाहीतर सरळ बसवा किंवा उभं करा. फक्त पाणी पाजण्याआधी विचारा, पेशंट उपाशी ठेवलेला असेल, अक्यूट पॅन्क्रियाटायटिसचा संशय असेल तर स्वतःच्या मनाने एक घोट पण नको.

कावीळ असलेल्या पेशंटमध्ये तर ही ओळ लिहायचीच नाही. सीबीडी मोठा दिसला की खालपर्यंत जा, कारण तिथंच हेडमध्ये गाठ बसलेली असू शकते.

टेल मला अजूनही छळते. स्प्लीनमधून (प्लीहेतून) बघा म्हणतात, पण आपल्या विदर्भात सिकलसेलचे पेशंट भरपूर, त्यांच्यातल्या काहींची स्प्लीन आकसून गेलेली असते, मग ती खिडकीच नसते. तुम्हालाही नाही जमली तर खचू नका, बाप्पा, हे सगळ्यांचंच आहे. तेव्हा पित्ताशय मात्र नीट बघा, सिकलसेलमध्ये तरुण पोरांतही खडे मिळतात.

लिव्हरबद्दल एकच. फॅटी लिव्हरचा ग्रेड देण्याआधी गेन (चित्राची उजळी) अन् टीजीसी (खोलीप्रमाणे उजळी) बघा, आधीच्या माणसाने वाढवून ठेवला असेल तर चांगलं लिव्हरही पांढरं दिसतं. किडनीच्या कॉर्टेक्सशी (बाहेरच्या थराशी) एकाच खोलीवर तुलना करा. पोर्टल व्हेनच्या (लिव्हरमध्ये जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या) भिंती पुसट झाल्या तर ग्रेड 2, डायफ्राम दिसेनासा झाला तर 3.

व्हिडिओ बघून हे येत नाही, त्यातले पेशंट सगळे सडपातळ असतात. अन् सीनियरच्या मागे उभं राहून पण येत नाही. तुमचा हात धरून प्रोब फिरवणारा एक सीनियर शोधा, कितीही कडक असला तरी चालेल. गोड बोलून स्वतःच स्कॅन संपवणारे काही शिकवत नाहीत, हे माझं पक्कं मत आहे.

आणि सगळं करूनही नाही दिसलं तर तसंच लिहा. हेड अन् नेक दिसलं, टेल पाणी पाजून अन् कूस बदलूनही दिसली नाही, क्लिनिकल संशय असेल तर सीटी करावा. मग वॉर्डात फोन करून सांगा पण, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत कोणी उघडत नाही.