व्हाळात फोर बाय फोर घालायच्या आधी

पाऊस लागला की गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण सगळीकडे पोरं थार, जिम्नीसारख्या गाड्या घेऊन व्हाळात (ओढ्यात) उतरायला लागतात, आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, आहे म्हणजे गाडी कुठूनही निघणारच असं धरून चालतात. तसं अजिबात नाहीये. टायरला खाली पकडच नसेल तर चारही चाकं मिळून घसरतात.

कोरड्या डांबरी रस्त्यावर टू-एचच (दोनच चाकांना ताकद) ठेवा, या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसतो त्यामुळे फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) वळताना सगळा ताण गिअरवर येतो. चिखल लागायच्या आधीच फोर-एच टाका, आणि पाणी किंवा खडा चढ असेल तर गाडी पूर्ण थांबवून फोर-एल (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त). रुतल्यावर बघू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

आता पाणी, इथेच जास्त गाड्या वाया जातात. कंपनी थारला 650 मिलिमीटर पाणी चालतं म्हणते पण वाहत्या व्हाळात त्या आकड्यावर जाऊ नका. आधी गावातल्या कोणाला तरी विचारा, मग उतरून काठीने तळ चाचपा, लाल गढूळ पाण्याखाली जांभ्याचा दगड आहे की खड्डा हे वरून कळतच नाही. पाणी पाय ओढतंय असं वाटलं तर पुढे जाऊच नका, सरळ मागे फिरा. आणि खाली ऊन असलं तरी वर घाटात पाऊस पडत असेल तर बघता बघता पाणी चढतं, तेव्हा आकाशाकडे लक्ष ठेवा.

हळू उतरा, मग एकसारख्या वेगाने चला, मध्ये क्लच दाबू नका की गिअर बदलू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्ट मारू नका प्लीज, सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावं लागतं. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवून घ्या.

शेवाळलेल्या जांभ्यावरून उतरताना फोर-एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढायचा, गाडी इंजिननेच धरायची. चढावर गाडी अर्ध्यात अडकली तर वळवायला जाऊ नका, गाडी आडवी झाली की उलटते, रिव्हर्स टाकून सरळ मागे या. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं.

किनाऱ्यावर गाडी नेऊच नका, बंदी आहे, आणि मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात. अभयारण्यात वनखात्याची परवानगी हवी.

एकट्याने जाऊ नका, दुसरी गाडी सोबत हवीच. दोर टोइंग हुकलाच लावा, बंपरला नाही, आणि ओढताना सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं करा.