एका बाजूची छाती बसकी असेल, तर पाठही बघा

आंघोळ घालताना मुलाच्या छातीची एक बाजू बसकी दिसली की घरचे म्हणतात, "अंगानं भरला की होईल सारखं." पोलंड सिंड्रोम असेल तर ते होत नाही. त्यात छातीच्या मोठ्या स्नायूचा बरगड्यांकडचा भाग जन्मतःच नसतो. नसलेला स्नायू सूर्यनमस्कारांनी येत नाही. त्याच बाजूची बोटं आखूड किंवा जुळलेली असू शकतात. मग ग्रहणात काही चिरलं म्हणून आईला बोल लावतात. त्यात काडीचंही तथ्य नाही.

मुलाला उघड्या अंगानं उजेडात उभं करा, दोन्ही हात कमरेवर जोरात दाबायला सांगा आणि काखेची पुढची घडी चिमटीत धरा. चांगल्या बाजूला जाड, घट्ट मांस लागतं. दुसरीकडे नुसती कातडी. स्नायूचा गळपट्टीच्या हाडाखालचा भाग बहुधा शाबूत असतो, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं. डावीकडे बरगड्याही कमी असतील तर हृदय उजवीकडे सरकलेलं असू शकतं, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

अशा मुलांचा कणाही बाजूला वाकू शकतो. पण छातीच्या नादात पाठ बघायची राहून जाते, आणि कणा वाकतो तो नेमका उंची झपाझप वाढण्याच्या वयात. दर सहा महिन्यांनी पाहा: पावलं जुळवलेली, गुडघे ताठ, तळवे एकमेकांना लावून मूल सावकाश पुढे वाकेल. तुम्ही मागे बसा, नजर पाठीच्या पातळीत ठेवा. त्याआधी कंबर समपातळीत आहे ना ते बघा. एक पाय आखूड असेल तर त्याखाली वह्या ठेवा, नाहीतर नसलेला बाक दिसतो. फोनमधल्या कोनमापकानं मोजायचं तर फोनच्या दोन्ही टोकांखाली अंगठे ठेवा, म्हणजे तो मधल्या मणक्यावर टेकणार नाही. ५ ते ७ अंश किंवा जास्त कल आला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र बरगड्याच कमी असतील तर हा आकडा फसवा ठरतो, निवाडा एक्स-रेचा. तोही उभं राहून, पूर्ण कण्याचा. झोपवून काढला तर बाक कमी दिसतो.

एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन म्हणजे कॉब कोन; तो १० अंशांपासून स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकल्याचं, धरतात. वाढत्या वयात २५ ते ४० अंशांना ब्रेस (कण्याला आधार देणारं, अंगावर घालायचं कडक कवच), ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार. ब्रेस सांगितलेले तास घातला तरच उपयोग होतो. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याखाली बिनशिवणीचा सुती बनियन घाला आणि तो घामानं भिजला की बदला; कातडी सोलवटली की मूल ब्रेस टाकून देतं.

अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा छाती आणि पाठ दोन्ही दाखवा, आणि जिल्हा रुग्णालयासाठी संदर्भपत्र मागून घ्या.