एकेरी रांगेतले कण: सिम्युलेशन करताना या चुका टाळा

नळी इतकी अरुंद असली की कणांना एकमेकांना ओलांडताच येत नाही, तर एका कणाचं सरासरी वर्ग विस्थापन (तो सुरुवातीच्या जागेपासून किती सरकला त्याच्या वर्गाची सरासरी) काळाच्या प्रमाणात न वाढता काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. गणितज्ञ टी. ई. हॅरिस यांनी १९६५मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. प्रोग्राम छोटा असतो, म्हणून इंदूरच्या एमएस्सीच्या मुलांना मी हा प्रकल्प आवर्जून सुचवतो. मग लॉग-लॉग आलेखाचा चढ (म्हणजे काळाचा घातांक) ०.५ऐवजी कधी ०.७ येतो, कधी १, आणि दिवसच्या दिवस प्रोग्राममधली चूक शोधण्यात जातात. बहुतेकदा प्रोग्राम बरोबर असतो, फक्त पाहण्याची वेळ चुकलेली असते.

सगळ्यात मोठी गफलत हीच. समजा विसरणांक (कण किती झपाट्याने पसरतो त्याचा आकडा) १, दर एकक लांबीत एक कण, आणि वर्तुळाकार नळीत १०० बिंदुकण, म्हणजे आकारच नसलेले कण. सुरुवातीला शेजाऱ्याशी गाठच पडलेली नसते, त्यामुळे चढ १ येतो. काळ १च्या आसपास पोहोचला की वळण सुरू होतं. दुसऱ्या टोकाला, काळ ३,००० ओलांडेपर्यंत सगळी माळ एकजुटीने फिरू लागते आणि चढ परत १कडे जातो, कारण १०० कणांचा गुरुत्वमध्य एकट्या कणाच्या शंभराव्या भागाइतक्या विसरणांकाने पण साध्या नियमानेच सरकतो. म्हणजे खरा ०.५ दिसायला काळ १० ते काही शे एवढीच जागा उरते. पूर्ण आलेखातून एकच सरळ रेषा काढली तर ०.६ किंवा ०.७ येणारच. कण दसपट केले की वरची मर्यादा शंभरपट लांब जाते, तेव्हा हात आखडता घेऊ नका. नोंदीही समान अंतराने न घेता १, २, ४, ८ अशा दुपटीने घ्या.

याला जोडूनच एक छुपी अडचण आहे. रेणूंच्या सिम्युलेशनची काही सॉफ्टवेअर गुरुत्वमध्याची हालचाल आपणहून काढून टाकतात. वर्तुळाकार नळीत तसं झालं तर आलेख शेवटी सपाट होतो. सेटिंग आधी तपासा.

काही जण घर्षणच ठेवत नाहीत. कण नुसते न्यूटनच्या नियमाने धावतात आणि आदळतात. अशा वेळी ओलांडायला बंदी असूनही विस्थापन काळाच्या प्रमाणातच वाढतं; डी. डब्ल्यू. जेप्सेन यांनी १९६५मध्येच ते दाखवलं होतं. वर्गमूळ हवं तर ब्राउनीय गती हवी, म्हणजे भोवतालच्या द्रवाचे धक्के आणि घर्षण दोन्ही.

आता विचारातली चूक. 'विसरण मंदावतं' असं मुलं सरसकट लिहितात. मंदावतं ते खूण केलेल्या एका कणाचं. इंदूरच्या खजराणा गणपती मंदिरातली रेलिंगमधली रांग वरून पाहा: दोन माणसं धडकून मागे फिरली की एकमेकांना ओलांडून गेली, हे लांबून कळत नाही; एकाच्या डोक्यावर लाल टोपी असली तरच कळतं. बिंदुकणांची गर्दी कुठे दाट, कुठे विरळ हे साध्या नियमानेच बदलतं. म्हणून घनतेचा आलेख काढून वर्गमूळ शोधू नका, ते तिथे नाहीच.

याच गोष्टीचा फायदाही घेता येतो. लांब सरळ रेषेवर बिंदुकण मोकळे सोडा, ओलांडू द्या, आणि मोजायच्या क्षणी जागा चढत्या क्रमाने लावून मधल्या क्रमांकाचा कण धरा. उत्तर अचूक येतं आणि टक्कर तपासायची कटकट राहत नाही. टक्कर तपासतच चालायचं असेल तर काळाचा टप्पा बारीक ठेवा, नाहीतर एका उडीत कण शेजाऱ्याच्या पलीकडे जातो आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही.

ओलांडणं खरंच अशक्य आहे का, हेही पाहा. एएलपीओ-५ या झिओलाइटसारख्या (बारीक छिद्रांचं स्फटिक असलेल्या) पदार्थाची छिद्रं सुमारे ०.७३ नॅनोमीटरची असतात, मिथेनचा रेणू साधारण ०.३८चा. दोन मिळून ०.७६. फरक इतका थोडा की निकाल ठामपणे सांगणं अवघड. टेट्राफ्लुओरोमिथेन, ०.४७, तिथे निर्धास्त.

शेवटी नुसत्या घातांकावर समाधान मानू नका, आकडाही जुळवा. वरच्याच उदाहरणात काळ १०० असताना मोकळ्या कणाचं वर्ग विस्थापन २०० असतं, रांगेतल्याचं ११.३. तुम्हाला सतत ८च्या आसपास मिळत असेल तर प्रोग्रामला हात लावू नका. तुम्ही कण सुरुवातीला समान अंतरावर मांडले आहेत; ११.३ हा यादृच्छिक मांडणीचा आकडा आहे आणि दोघांत बरोबर २च्या वर्गमूळाइतक्या पटीचा फरक पडतो. कोणती मांडणी घेतली ते अहवालात लिहा.